रिंगणातली सूनबाई

३ नोव्हेंबर

आई,

वाकून नमस्कार. हे पत्र नर्सताईंच्या हाती देते आहे. पुढच्या आठवड्यात त्या औषधं घेऊन छावणीत येतील. फोनवर बोलणं मला आता नकोच वाटतं. तुमच्याकडे पाण्याच्या टाकीपाशीच काय तो आवाज येतो, आणि तिथं रांगेतल्या सगळ्या बायका कान देऊन उभ्या. मागच्या वेळी मी "भिंगरी नीट जेवते का" विचारलं, तर तुमच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं.

मी इथे व्यवस्थीत आहे. निर्वासित बायकांच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारच्या खाटेवरची शिवणकाम करते. इतकी उंच आहे की पाय खाटेबाहेर जातात, म्हणून आम्ही तिला लांबडी म्हणतो. मला हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम मिळालं आहे. ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या आणि इस्त्रीच्या रुळावर चढवायच्या. ओली चादर किती जड असते हे मला आधी ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस वेणी घालायलाही हात वर जात नव्हते. आता जातात. सगळं व्यवस्थीत आहे.

इथे थंडी फार. वसतिगृहाचा बंब बंद पडला तो पडलाच, म्हणून मी जवळच्या एका व्यायामशाळेत नाव घातलं. तिथे अंघोळीला कढत पाणी मिळतं. काम, अंघोळ, झोप. बाकी काही नाही.

सोबत फोटो पाठवते. लांबडीनं काढला आहे. भिंगरीला दाखवा. तुम्हा दोघींना छावणीत ठेवून मी पुढे आले त्याला दोन वर्षं झाली, ती मला विसरली असेल अशी भीती वाटते. ह्यांचं काही कळलं का? कळलं तर लगेच कळवा. माझी काळजी करू नका, मी अगदी व्यवस्थीत आहे.

तुमची सून

८ डिसेंबर

सूनबाई,

पत्र पोचलं. "व्यवस्थित"मधला "स्थि" ऱ्हस्व असतो. तू तो तीनदा दीर्घ लिहिला आहेस. चुकीबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझं म्हणणं त्या तीनदाबद्दल आहे. बरा असलेला माणूस एकदा लिहून पुढे जातो.

भिंगरी तुला विसरलेली नाही. ताडपत्रीखालच्या माझ्या शाळेत ती पहिल्या रांगेत बसते आणि मला "आजी" न म्हणता "बाई" म्हणते, कारण बाकीची मुलं म्हणतात. तंबूत परतलो की पुन्हा आजी. जेवते चांगली. समोरचा दात पडला आहे, तो तुला पाठवायचा म्हणून तिनं काडेपेटीत जपून ठेवलाय.

आता फोटोविषयी. तू डाव्या डोळ्याखाली पावडर लावली आहेस. तुझ्या लग्नातसुद्धा तू पावडर लावायला तयार नव्हतीस, मला आठवतंय. मी जन्मभर वर्गात पोरांचे चेहरे वाचले आहेत, त्यामुळे सुजलेला डोळा मला पावडरीखालून दिसतो. तो कोणी सुजवला?

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. तू तरुण आहेस. परक्या ठिकाणी एकटी आहेस. कुणाबरोबर संसार थाटला असशील तर मला दुःख होईल, राग येणार नाही. पण जो हात उगारतो त्याच्याजवळ एक दिवस राहायचं नाही. तुझी पिशवी उचल आणि नर्सताईंच्या ओळखीनं दुसरीकडे जा. मी माझ्या मुलाची आई आहे, म्हणून तुझी कोणी नाही असं समजू नकोस.

उत्तर लवकर दे. आणि खरं दे.

आई

१९ जानेवारी

आई,

तुमचं पत्र मी लांबडीला वाचून दाखवलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम रडायला लागली. मीही.

मला मारतात हे खरं आहे, पण मीही मारते. ती व्यायामशाळा बॉक्सिंगची आहे.

कढत पाण्याची गोष्ट खोटी नाही. पहिल्या दिवशी मी अंघोळ करून, ओले केस गुंडाळून गुपचूप बाहेर पडत होते, तर दारात मास्तर उभे. मास्तर म्हणजे तिथले शिकवणारे. वय झालंय, एक कान चुरगळलेल्या कागदासारखा, आणि त्यानं कमी ऐकू येतं. ते म्हणाले, कढत पाणी घाम गाळणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर दोरीवरच्या उड्या मारल्या आणि मग अंघोळीला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वाळूच्या पोत्यासमोर उभं केलं. मी एक ठोसा मारला. मास्तरांनी विचारलं, काम काय करतेस? मी सांगितलं, चादरी ओढते. ते म्हणाले, मग अर्धं शिक्षण झालंय.

आई, तुम्ही रागावणार हे मला ठाऊक होतं म्हणून लपवलं. पण एक गोष्ट सांगते. तिथे समोरची बाई मला मारणार आहे हे मला आधी माहीत असतं. कुठून मारणार ते दिसतं. मागून कोणी येत नाही. आणि घंटा वाजली की मारामारी थांबते. खरंच थांबते. दोघी हात खाली घेतात आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन पाणी पितात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी तशीच रिंगणाच्या मधोमध उभी राहिले. आपल्या गावात महिनाभर जे चाललं होतं, ते थांबवणारी घंटा कुणाजवळच नव्हती. मास्तरांना वाटलं मला डोक्याला लागलं. मी रडत होते.

डोळा सुजला तो माझ्या पहिल्या सामन्यात. मी हरले. पुढचा मात्र जिंकले.

आता माझा प्रश्न. मी दुसऱ्या कुणाबरोबर संसार थाटला तरी चालेल, असं तुम्ही लिहिलंत. त्या दुपारी पुलापाशी हे आपल्याला पुढे काढून शेजारच्या आजोबांना आणायला मागे वळले, तेव्हा "येतोच" म्हणाले होते. तुम्ही रोज तेच सांगायचात, तो येतोच म्हणालाय. मग आता तुम्ही वाट बघणं सोडलंत का?

तुमची सून

२० फेब्रुवारी

सूनबाई,

माझ्या नातीला आई एकच आहे. तिचं डोकं असं ठोसे खाण्यासाठी नाही. मला हे पसंत नाही, आणि पसंत नाही ते नाहीच.

भिंगरी बरी आहे. पाटी हिसकावली म्हणून तिनं काल एका मुलीच्या नाकावर बुक्की मारली. मी तिला उभं केलं. तिला हे कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवायला नको होतं.

तू विचारलेल्या प्रश्नाविषयी सध्या लिहू नये.

आई

२२ सप्टेंबर

आई,

सात महिने झाले, मी पत्र लिहिलं नाही. तुम्हीही नाही. भिंगरीची खुशाली नर्सताईंकडून कळत होती आणि माझी तुम्हाला कळत असणार, कारण त्या दोन्हीकडे सारख्याच गप्पिष्ट आहेत. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी आता धंदेवाईक बॉक्सर झाले. म्हणजे सरावाचे, हौशी सामने संपले. परवाना आहे, करार असतो, तिकीट काढून लोक बघायला येतात. धुलाईखान्यातलं काम अर्ध्या वेळेवर आणलं आहे. सोडलेलं नाही. ओल्या चादरी सोडल्या तर खांदे ढिले पडतील असं मास्तरांचं मत आहे.

शनिवारी पहिला सामना झाला आणि मी तो चौथ्या फेरीत जिंकला. पण सांगायचं ते वेगळंच. भिंतीवर चिकटवायचा कागद छापायचा होता आणि माझं नाव घेताना मास्तरांच्या जिभेला गाठ पडते. माझ्या पेटीत तुमची पत्रं होती. सगळ्यांच्या वरती एकच शब्द. तो कसा म्हणतात हे मी एकदा त्यांना म्हणून दाखवलं होतं. त्यांना वाटलं, हेच माझं घरचं नाव. त्यांनी तेच छापून टाकलं.

तर आई, शनिवारी दिवे लागले, सनईसारखं काहीतरी कर्कश वाजलं आणि माईकवरचा माणूस घसा ताणून ओरडला: "सूनबाई". दोन-तीनशे लोक बाकांवर पाय आपटून "सूनबाई, सूनबाई" करायला लागले. त्यांना अर्थ कुठे ठाऊक. मला मात्र डोक्यावर पदर घ्यावासा वाटला. हातात एवढाले ग्लोव्ह्ज, पदर घेणार कसा आणि पदर होता तरी कुठे. मी तशीच खाली मान घालून रिंगणात चढले. लोकांना वाटलं मी भयंकर रागात आहे. समोरची बिचारी तिथेच अर्धी हरली.

नंतर मास्तरांना अर्थ सांगितला. त्यांनी तो कागद काढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, तुझ्या सासूला सांग, हे नाव मी बदलणार नाही.

तुम्हाला दोघींना इथे आणायचा अर्ज दिला आहे. बघू या.

तुमची सून

३० ऑक्टोबर

सूनबाई,

पत्र भिंगरीनं स्वतः वाचलं. जोडाक्षरांपाशी अडखळते, बाकी छान. आता तंबूतंबूंत जाऊन सांगते की माझ्या आईचं नाव सगळे ओरडतात. पाण्याच्या रांगेतल्या बायकांनी मला विचारलं, तुमची सून म्हणे लोकांना बडवते. मी म्हटलं, सासूला सोडून. त्या हसल्या, आणि माझी बादली पुढे घेतली. तुझा धंदा मला अजून पसंत नाही. पण चौथ्या फेरीत म्हणजे लवकर की उशिरा, तेवढं कळव.

तुझ्या अर्जाविषयी अधिकारी येऊन गेले. सज्जन होते. भिंगरीला परवानगी मिळाली आहे. माझं नाव कागदावर नाही. नवरा आणि मुलं एवढंच कुटुंब धरतात, नवऱ्याची आई त्यात बसत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. हे तुला आधीच ठाऊक असणार आणि तू मला लिहिलं नाहीस. "बघू या" लिहिलंस.

काही हरकत नाही. मला तसंही इथून हलता येणार नाही. उद्या तो आला तर आपली चौकशी इथेच करणार. कोणीतरी या पत्त्यावर असायला हवं. तेव्हा भिंगरीला नेण्याची व्यवस्था कर आणि उशीर लावू नकोस. पोरगी वाढतेय. तिला खऱ्या भिंतींच्या शाळेत बसू दे.

आई

२४ नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र मी खूपदा वाचलं, आणि मग पेटीतून मागचं काढलं, फोटोचं. मुलगा परत येईल अशी आशा असलेली आई त्याच्या बायकोला दुसऱ्या संसाराची मुभा देत नाही. तुम्ही तर नाहीच देणार. मी तेव्हा विचारलं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आता एकदम तुम्ही ह्यांची वाट बघता आहात, म्हणून तुम्हाला हलता येत नाही.

आई, भिंगरीला सोडताना मला अवघड वाटू नये म्हणून तुम्ही हे लिहिलंत. तुम्हाला काहीतरी कळलं आहे. मला सांगा. मी आता ठोसे खायला शिकले आहे.

आणि तुम्हाला टाकून मी भिंगरीला आणणार नाही. ती जन्मली तेव्हा मी तापानं फणफणले होते. पहिले कित्येक दिवस तिला तुम्हीच सांभाळलंत. तिला तुमच्यापासून तोडायचं माझ्या हातून होणार नाही.

एक वाट दिसते. एप्रिलमध्ये माझा पट्ट्यासाठी सामना ठरला आहे. पट्टा म्हणजे त्या वजनातलं सगळ्यात वरचं मानाचं बक्षीस. या करारात माझ्या कोपऱ्यात तीन माणसं ठेवता येतात, आणि ती कुठूनही बोलावता येतात. मास्तर एक. जखमा बांधणारा एक. तिसरी जागा मदतनिसाची. मी मास्तरांना सांगितलं, तिसरी माझी सासू. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ऐकू आलंय, विचार करतोय. मग म्हणाले, रक्त बघून चक्कर येते का तिला?

येते का?

तुमची सून

२ जानेवारी

सूनबाई,

हे पत्र एकटीनं वाचू नकोस. लांबडीला शेजारी बसव. मी थांबते.

तू गेल्यावर चार-पाच महिन्यांनी आपल्या आळीतला सुतार छावणीत आला. त्यानं पाहिलं होतं. शेजारच्या आजोबांना पाठीवर घेऊन माझा मुलगा बोळाच्या तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात कोपऱ्यावरची भिंत कोसळली. दोघंही तिथेच गेले. सुतारानं आणि आणखी दोघांनी त्यांना कालव्याच्या काठी शेजारी शेजारी पुरलं. सुतार म्हणाला, फार वेळ लागला नसावा. हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, ते मी विचारलं नाही.

मी तुला सांगितलं नाही. तू परक्या गावात, परक्या खाटेवर. रडायला जवळ माणूस नाही. म्हटलं, भेटेल तेव्हा हाताशी बसवून सांगीन. ही पत्रातून सांगायची गोष्ट नव्हती. पण तू विचारलंस, आणि एकदा मी खोटं उत्तर दिलं ते तू पकडलंस. दुसऱ्यांदा देणार नाही. भिंगरीला अजून माहीत नाही. तिला आपण दोघी मिळून सांगू.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रक्त बघून मला चक्कर येत नाही. शाळेत मुलं पडायची, मीच बांधायची.

पण खोटं लिहून मी कुठे जाणार नाही. मदतनीस म्हणून यायचं असेल तर मला ते काम आलं पाहिजे. तुझ्या मास्तरांना विचार, काय काय करावं लागतं. नर्सताईंकडून बर्फाची पिशवी आणि पट्ट्या आणल्या आहेत. त्या म्हणतात, दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभरच मिळतं. तंबूत स्टूल मांडून भिंगरीला त्यावर बसवते, घड्याळ लावते, आणि एका मिनिटात तिचं तोंड पुसून, पाणी पाजून, मान चोळून स्टूलसकट बाहेर पडते. सुरुवातीला वेळ पुरत नव्हता. ती मध्येच बोलायला लागते. आता जमतं. शेजारणींना वाटतं, या म्हातारीला वेड लागलं.

लांबडीचा हात सोडू नकोस.

आई

६ फेब्रुवारी

आई,

लांबडीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तशीच बसून राहिली. पाय अवघडले तरी हलली नाही.

मास्तरांना कळलं. त्यांनी आठवडाभर मला ग्लोव्ह्ज घालू दिले नाहीत. रोज नदीकाठी चालायला न्यायचे. आठव्या दिवशी मी म्हटलं, आता पुरे. मग पोत्यापाशी गेलो.

तुमची परवानगी आली आहे, मदतनीस म्हणूनच. भिंगरीची आहेच. मास्तरांचा निरोप असा: दातांवरचं रबर तुम्ही काढायचं, धुवायचं, परत बसवायचं. डोळ्यावर सूज आली तर बर्फातली लोखंडी पट्टी दाबून धरायची, चोळायचं नाही. आणि जे दिसेल ते त्यांना सांगायचं, कारण त्यांचं लक्ष समोरच्या बाईवर असतं.

मी मार खाताना तुम्हाला दिसेन. तेवढं मनाशी धरून या.

विमानतळावर मी पहिल्या दरवाजापाशीच उभी असेन.

तुमची सून

१९ एप्रिल

सूनबाई,

तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलापाशी बसून लिहिते आहे. भिंगरी तुझ्या खाटेवर झोपली आहे. इतकी वर्षं आपल्याला समोरासमोर बोलायला मिळालं नाही, आणि आता भेटलो तर डॉक्टरांनी तारा घालून तुझं तोंडच बंद करून टाकलं. आज मी हॉस्पिटलात तुझ्या खाटेपाशी आले तर तू भिंतीकडे वळलीस. भिंगरीच्या पाटीवर तू एकच शब्द लिहून माझ्यापुढे धरलास: "का?" त्याचं उत्तर आता देते.

विमानतळावर तू मला कवेत घेतलंस तेव्हा मी दचकले होते. माझे हात तुझ्या पाठीमागे पुरले नाहीत. ही आपलीच का, असं वाटलं. भिंगरी तर माझ्या मागे लपली. पण गाडीत बसल्यावर तू तिच्या पडलेल्या दाताची काडेपेटी मागितलीस, आणि ती तुझ्या मांडीवर जाऊन बसली ती उतरेचना. तेव्हा मला वाटलं, माझं काम झालं.

परवा सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तू मार खात होतीस आणि मी बघत होते. लोक तुझं नाव ओरडत होते, म्हणजे मी ज्या नावानं हाक मारते तेच. तुझ्या भुवईतून रक्त आलं, मी पट्टी दाबून धरली. मास्तरांनी बोटांनी दाखवलं की तू पुढे आहेस. आठवी फेरी संपली, तू स्टुलावर बसलीस, मी रबर काढलं. तुझे खालचे दात वरच्या दातांखाली नव्हते. सगळा जबडा एका अंगाला सरकला होता. मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळ्यांनी मला सांगितलंस, बोलू नका.

मी तुला विचारलं, "दुखतंय?" तू मान हलवलीस, नाही. तशीच मान तू त्या तीनदा "व्यवस्थित" लिहिलेल्या पत्रात हलवली होतीस.

मी उठून मास्तरांच्या चांगल्या कानाशी गेले आणि म्हटलं, "हिचा जबडा मोडलाय." त्यांनी पंचांना हात केला. सामना संपला. पट्टा त्या दुसरीला गेला.

मी माफी मागणार नाही. तुला तो पट्टा किती हवा होता ते मला माहीत आहे. चादरी ओढून ओढून तू तिथवर पोचली होतीस. पण "येतोच" म्हणून गेलेल्या एकाला मी अडवलं नाही. त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. परवा दिसलं.

तू रागाव. वर्षभर रागाव. रागावलेली सून मला चालेल.

आई

२१ एप्रिल

आई,

पत्र भिंगरीच्या हाती पाठवलंत, स्वतः बाहेर बाकावर बसून राहिलात. मी खिडकीतून बघितलं.

हो, मी रागावले आहे. दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. मी पुढे होते. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही उद्या "विसर आता" म्हणणार नाही.

डॉक्टर काल म्हणाले, त्याच जागी आणखी एक ठोसा बसला असता तर हाड पुन्हा नीट जुळलं नसतं. जन्मभर घास चावता आला नसता. हे मी तुम्हाला कळू देणार नव्हते. पण तुम्ही माझा चेहरा वाचणारच.

मास्तर आले होते. मी पाटीवर लिहिलं, आता दुसरी मदतनीस बघा. त्यांनी वाचलं आणि पाटी पुसून टाकली. म्हणाले, इतकी वर्षं मी कोपऱ्यात माणसं ठेवली, त्या सगळ्यांना पट्टा हवा होता. जिला तू हवी होतीस अशी ही पहिलीच. मग म्हणाले, हाड जुळलं की त्या बाईशी पुन्हा सामना लावतो, पण कोपऱ्यात ही म्हातारी असेल तरच. मी पाटी उशीखाली सरकवली. ते गेले नाहीत. शेवटी मी लिहिलं, ठीक आहे.

लांबडीकडून दुसरंही कळलं. काल तुम्ही तिला घेऊन त्या निर्वासितांच्या कचेरीत गेलात. तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही इथल्या कुणाच्या नातलग म्हणून अर्ज करता आहात का. तुम्ही म्हणालात, "नाही. माझं स्वतःचं घर जळलं, म्हणून करते आहे." निकाल लागेपर्यंत तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही, असं त्या बाईंनी लिहून दिलं. हे तुम्ही मला सांगितलंही नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, म्हणून असेल.

ह्यांच्याविषयी भिंगरीला सांगायचं आहे. माझं तोंड उघडलं की सांगू. तुम्ही एका बाजूला, मी एका बाजूला.

उद्या येताना तिला आणा, आणि कंगवा आणा. केसांत रक्त वाळून गुठळ्या झाल्या आहेत, नर्सना ते जमत नाही, आणि हात वर केला की जबडा ठणकतो. वेणी घालून द्या. माझा राग अजून गेलेला नाही, आणि मला बोलताही येत नाही. पण बाकावर बसू नका. आत या, खाटेवर बसा, आणि तुम्ही बोला. काहीही बोला. मी ऐकते आहे.

तुमची
सूनबाई